दोन वर्षं ज्याला फ्लॉक्स म्हटलं ते फ्लॉक्स नव्हतंच

मे महिना लागला की आमच्या इथल्या मराठी बायकांच्या बागकामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. कधी हायवेच्या कडेचा, कधी ट्रेलवरचा, कधी कुणाच्या घरामागच्या ओढ्यालगतचा, आणि फोटोत कमरेएवढी उंच झाडं, त्यांच्यावर जांभळ्या-गुलाबी-पांढऱ्या फुलांचे झुबके. खाली प्रश्न एकच, "हे रानातलं फ्लॉक्स ना गं?" आणि लगेच चारपाच अंगठे, हो हो फ्लॉक्सच, आमच्याकडेपण आलंय. दरवर्षी मी तेच उत्तर टाइप करते आणि दोन दिवसांत ते नवीन मेसेजेसच्या खाली कुठेतरी जातं, म्हणून यंदा सगळं एकदा नीट इथे लिहून ठेवतेय. आम्ही ओहायोमध्ये कोलंबसला राहतो, त्यामुळे जे लिहितेय ते इथल्या रानांचं आहे, पण अमेरिकेच्या पूर्वेकडच्या बऱ्याच राज्यांत साधारण हेच दिसेल.

आधी हे सांगते की फ्लॉक्स हे नाव मला इथे येऊन कळलेलं नाही, ते मी पुण्यात लहानपणीच ऐकलेलं. दिवाळी झाली की आई नर्सरीतून हिवाळी फुलांची रोपं आणायची, पिटुनिया, डायँथस, आणि त्यातच फ्लॉक्स. गॅलरीतल्या लांबट कुंड्यांमध्ये ती रोपं लावायची, वीत-दीड वीत वाढायची, आणि जानेवारीत लाल, गुलाबी, पांढऱ्या फुलांनी कुंडी दिसेनाशी व्हायची, प्रत्येक फुलाच्या मधे गडद रंगाचा डोळा. मार्चमध्ये ऊन तापलं की करपून जायची. ते फ्लॉक्स मूळचं टेक्सासचं, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. थॉमस ड्रमंड नावाच्या स्कॉटिश माणसाने १८३०च्या दशकात टेक्सासमध्ये फिरून झाडं आणि बिया गोळा करून ब्रिटनला पाठवल्या, त्यात हे होतं, आणि १८३५ साली हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला ड्रमंडचंच नाव दिलं, फ्लॉक्स ड्रमंडाय. त्याच वर्षी ड्रमंड क्यूबामध्ये वारला. टेक्सासच्या रेताड माळावरचं रोप ब्रिटनला गेलं आणि पुढे कधीतरी पुण्याच्या नर्सरीत आलं, आणि मी उलट तिकडून इकडे आले, हे मनात आलं की मला त्या फुलाबद्दल फार जवळीक वाटते.

तर इथे स्वतःचं घर झालं, मागे थोडी सावलीची जागा, पलीकडे ओढा, तेव्हा मी ठरवलं की इथलीच, मूळची झाडं लावायची. दुकानातून रानफुलांच्या मिश्र बियांचं पाकीट आणलं. पाकिटावर रानफुलं लिहिलेलं होतं, आणि रानफूल म्हणजे इथल्याच रानातलं असणार असं मी धरून चालले. पहिल्या वर्षी नुसती जमिनीलगत पानांची चक्रं आली, फूल नाही. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात दांडे सरसर वर गेले, तीन फूट, आणि असली सुंदर जांभळी फुलं आली की काय सांगू, संध्याकाळी मागचं दार उघडलं की वास घरात यायचा. फोनवरच्या ॲपमध्ये झुबक्याचा फोटो टाकला तर पहिलं नाव फ्लॉक्स आलं. आता मला कळतं की मी वरून फुलांचा फोटो दिला होता, त्यात एक पान धड दिसत नव्हतं, मग दुसरं काय होणार. पण तेव्हा माझा आनंद गगनात मावेना. पुढच्या वर्षी रोपं दुप्पट झाली, मी दोन मैत्रिणींना काढून दिली, एकीला तर स्वतः जाऊन लावून दिली.

त्या तिसऱ्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात आई पुण्याहून आली. जेटलॅगमुळे पहाटे उठायची आणि चहाचा कप घेऊन मागे फिरायची. दुसऱ्याच दिवशी मी खाली आले तर ती त्या झाडांपाशी उकिडवी बसलेली, मी कौतुकाने म्हटलं, "आई, बघ ना, इथलं रानातलं फ्लॉक्स." तिने माझ्याकडे न बघताच विचारलं, "फ्लॉक्सला डिंगऱ्या कधीपासून यायला लागल्या गं?"

आईचं माहेर साताऱ्याकडचं. शेतात बियाण्यासाठी मुळा ठेवला की त्याला फुलं येतात आणि मग कोवळ्या शेंगा, त्या डिंगऱ्या, त्यांची भाजी काय लागते हे ज्यांनी खाल्लीय त्यांना सांगायला नको. तर माझ्या झाडांना वरती अजून फुलं होती आणि खाली, जिथली फुलं गळून गेलेली, तिथे दांड्याला बारीक लांब शेंगा लागलेल्या, सुतळीएवढ्या जाड, काही माझ्या बोटापेक्षा लांब, बी जिथे आहे तिथे किंचित फुगलेल्या. मुळ्याची डिंगरी यापेक्षा जाड असते हे आईनेच सांगितलं, "पण घराणं तेच. मोहरी म्हण, मुळा म्हण. फूल उलटंसुलटं करून बघ, पाकळ्या मोज." मी मोजल्या. चार. दुसऱ्या फुलाच्या, चार. सगळ्या झुबक्यात पाच पाकळ्यांचं एक फूल नव्हतं. दोन वर्षं मी त्या फुलांचे फोटो काढत होते, वास घेत होते, आणि पाकळ्या मोजाव्यात हे मला सुचलं नव्हतं. (आई एक शेंग तोडून तोंडात टाकणार होती, मी हात धरला. घराणं ओळखीचं वाटलं तरी माहीत नसलेलं झाड चाखून बघायचं नाही, हे मी घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.)

त्या झाडाचं नाव डेम्स रॉकेट, शास्त्रीय नाव हेस्पेरिस मॅट्रोनॅलिस. युरोप आणि पश्चिम आशियातलं, तिकडून आलेल्या वसाहतवाल्यांनी सतराव्या शतकात बागेसाठी आणलेलं आणि मग बागेबाहेर पडलेलं. नावातलं हेस्पेरिस हे ग्रीकमधल्या संध्याकाळच्या शब्दावरून, कारण वास संध्याकाळीच जास्त सुटतो, आपल्या रातराणीसारखा. आज ते इथल्या रस्त्यांच्या कडेने, नदीकाठाने, रानाच्या कडांना पसरलेलं आहे आणि विस्कॉन्सिनसारख्या काही राज्यांत त्यावर कायद्याने बंधनं आहेत. तरी मिश्र रानफुलांच्या पाकिटांत त्याचं बी येत राहतं, आता मी पाकिटावरची पूर्ण यादी वाचल्याशिवाय काही घेत नाही, आणि यादी छापलेली नसेल तर घेतच नाही.

आता मुद्द्याचं. खरं रानातलं फ्लॉक्स आणि हे, यांत फरक कसा करायचा. पाकळ्यांचं झालंच, फ्लॉक्सला पाच, डेम्स रॉकेटला चार, मोहरीच्या फुलासारख्या अधिक चिन्हात. पण मला विचाराल तर आधी पान बघा. फुलं महिनाभर असतात, पान त्याच्या आधी आणि नंतरही असतं, आणि उपटायचं काम फुलं यायच्या आधीच केलेलं बरं. फ्लॉक्सची पानं दांड्यावर समोरासमोर येतात. तुळस डोळ्यासमोर आणा, एका पेरावर दोन पानं, एक डावीकडे एक उजवीकडे, वरच्या पेरावरची जोडी तिला आडवी. तसंच. आणि डेम्स रॉकेटची पानं एकाआड एक, जास्वंदीसारखी, एका जागी एकच पान, पुढचं पान वर दुसऱ्या बाजूला. शिवाय त्याच्या पानाच्या कडेला बारीक दाते असतात, बोट फिरवलं तर कळतात. फ्लॉक्सच्या पानाची कड सरळ, अखंड, दाता नाही, आणि पानाला देठही जवळजवळ नसतो, पान थेट दांड्यालाच चिकटलेलं.

इथे एक गोम आहे आणि मला ती सांगायचीच आहे, कारण माझ्या बाबतीत घोळ इथेच झाला असावा. पुण्याच्या कुंडीतलं ते ड्रमंडचं फ्लॉक्स, त्याची खालची पानं समोरासमोर असतात पण वरची एकाआड एक होत जातात. माझ्या डोळ्यात लहानपणापासून तीच पानं बसलेली, त्यामुळे ओहायोत एकाआड एक पानं बघून मला काही वावगं वाटलंच नाही. इथल्या रानातल्या फ्लॉक्समध्येसुद्धा अगदी वर, फुलांच्या फांद्या फुटतात तिथे, छोटी पानं कधी इकडेतिकडे होतात. म्हणून बघायचं ते दांड्याच्या मधल्या भागात.

आई परत गेल्यावर पुढच्या एप्रिलमध्ये मी ठरवून खरं फ्लॉक्स बघायला गेले. ओलेंटँजी नदीकाठच्या एका पार्कात रानफुलांचा वॉक होता, एप्रिलचा शेवटचा आठवडा, मेपल आणि बीचच्या झाडांना पानं नुकती फुटत होती म्हणून खाली ऊन पोचत होतं. या रानांत एप्रिल ते मे हा एवढाच काळ जमिनीवरच्या फुलांचा, एकदा वरचं छत भरलं की खाली सावली आणि मग फारसं काही फुलत नाही. ट्रिलियमची पांढरी फुलं होती, नदीच्या बाजूला व्हर्जिनिया ब्लूबेल्स, आणि मग उतारावर एक निळसर धुकं पसरल्यासारखं काहीतरी. जवळ गेलो तर फ्लॉक्स डिव्हॅरिकाटा, इथे वाइल्ड ब्लू फ्लॉक्स किंवा वुडलँड फ्लॉक्स म्हणतात. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनेअसने १७५३ साली दिलेलं नाव आहे. पहिली गोष्ट मला जाणवली ती उंची. माझी झाडं कमरेला लागायची आणि हे माझ्या गुडघ्याच्यापण खाली, फूट-सव्वा फूट. नाजूक एकेकटे दांडे, पानांच्या जोड्या लांब लांब अंतरावर, दोन जोड्यांमध्ये मोकळा दांडा दिसतो, आणि टोकाला सैलसा झुबका. रंग निळा म्हणतात पण तो निळा आणि फिकट जांभळा यांच्या मधला, आणि माझ्या फोनवर तो दरवेळी गुलाबीकडे झुकतो, म्हणून फोटोतल्या रंगावर मी कधीच जात नाही. शिवाय दोन्ही झाडांमध्ये पांढऱ्यापासून जांभळ्यापर्यंत रंग येतात, रंगावरून ओळखायला जाल तर फसाल.

वॉकवर एक सत्तरीच्या आजी होत्या, कितीतरी वर्षांपासून तिथे स्वयंसेवक म्हणून येतात. त्यांनी गळ्यातलं भिंग काढून माझ्या हातात दिलं आणि एक दांडा बोटाने हळूच माझ्याकडे वळवला. त्या भिंगातून मी दांडा बघितला तर त्याच्यावर बारीक केस, आणि वरती फुलांच्या देठांवर, फुलाखालच्या हिरव्या कपावर जे केस होते त्यांच्या टोकाला इवले चमकणारे थेंब. बोट लावलं तर किंचित चिकट. मग पाकळी. या फुलाच्या पाकळीच्या टोकाला मधोमध एक बारीक खाच होती, पत्त्यातल्या बदामाच्या वरच्या बाजूसारखी. ओहायोत आणि पूर्वेला बहुतेक अशी खाच असते, आणि पश्चिमेकडे, विस्कॉन्सिन, आयोवाकडे जावं तसं बिनखाचेच्या गोल पाकळ्यांचं मिळतं, त्या प्रकाराला विस्कॉन्सिनच्या इन्क्रीज लॅफम या निसर्गअभ्यासकाचं नाव आहे. म्हणजे खाच नाही म्हणून फ्लॉक्स नाही असं नसतं.

कळ्या तर मला सगळ्यात आवडल्या. मिटलेल्या छत्रीसारख्या पिळलेल्या, प्रत्येक पाकळीची एक कड पुढच्या पाकळीवर. जास्वंदीची किंवा सदाफुलीची उद्या उमलणारी कळी आठवा, तशीच. आणि उमलल्यावरसुद्धा फुलात ती फिरकी थोडी राहते, भिरभिरं असावं तशी. डेम्स रॉकेटच्या कळीत हा पीळ नसतो.

आणि नळी. फ्लॉक्सच्या पाचही पाकळ्या खाली एकत्र जोडलेल्या असतात आणि त्यांची एक अरुंद नळी होते, वरून सपाट चक्र आणि खाली नळी. आपला प्राजक्त जसा सकाळी केशरी नळीसकट अख्खा खाली पडतो, पाकळ्या सुट्या होत नाहीत, तसंच फ्लॉक्सचं फूल सुकायला आलं की नळीसकट एका तुकड्यात निसटतं. तिथे जमिनीवर चारसहा पडलेली होती, एक उचलून मी चिरून बघितलं तर नळीच्या आत भिंतीला पाच पुंकेसर चिकटलेले, सगळे एका पातळीत नाहीत, कुणी वर कुणी खाली. डेम्स रॉकेटमध्ये वरून बघितलं तर नळी आहे असाच भास होतो, कारण पाकळ्यांचे लांब देठ खालच्या हिरव्या पाकळ्यांनी एकत्र आवळून धरलेले असतात, पण ओढून बघा, चार पाकळ्या चार दिशांना सुट्या होऊन हातात येतात. घरी आल्यावर मी दोन्ही फुलं एका बशीत शेजारी शेजारी ठेवून आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली, ती म्हणाली, "आता बघ, आता कोणी सांगायला नको."

ही नळी इतकी अरुंद की आतल्या मधापर्यंत लांब सोंड असलेल्यांनाच पोचता येतं, म्हणजे फुलपाखरं, काही पतंग, लांब जिभेच्या मधमाश्या. माझ्याकडे आता जे फ्लॉक्स आहे त्यावर हमिंगबर्ड मॉथ येतो, पारदर्शक पंखांचा, हवेत एका जागी थांबून सोंड नळीत घालतो. पहिल्यांदा दिसला तेव्हा मी हातातला पाइप तसाच धरून उभी राहिले, पाणी पायावर पडत होतं.

फुलं संपली की आणखी एक खूण राहते. फ्लॉक्सला शेंग येत नाही, छोटं गोलसर बोंड येतं, त्यात तीन कप्पे, आणि वाळलं की तडकून बी लांब उडतं. फुललेले दांडे मग सुकून जातात, पण जमिनीलगत दुसऱ्या, न फुललेल्या फांद्या असतात, त्यांची पानं जास्त गोलसर, त्या पेरापेराला मुळं धरत पसरतात आणि हिवाळ्यात बर्फाखालीसुद्धा बऱ्यापैकी हिरव्या राहतात. मार्चमध्ये पाचोळा बाजूला केला की जोडीजोडीची हिरवी पानं दिसली तर तिथे फ्लॉक्स आहे का बघायचं.

मात्र समोरासमोर पानं, पाच पाकळ्या, जांभळं फूल, एवढ्यावरही थांबू नका, कारण व्हिंका मायनर, पेरिविंकल, हेपण तसंच. आपल्या सदाफुलीचं नातेवाईक, तेही युरोपातून आलेलं, आणि जुन्या घरांच्या, जुन्या दफनभूमींच्या आसपास रानात जमीन झाकून टाकतं. पण त्याची पानं जाड, चकचकीत, वर्षभर गडद हिरवी, केस नाहीत, चिकटपणा नाही, आणि फुलं झुबक्याने नाही तर पानाच्या बेचक्यातून एकेक येतात. पाकळ्यांची टोकं कात्रीने तिरकी कापल्यासारखी. एकदा पान हाताला लागलं की परत चूक होत नाही.

इथली बाकीची फ्लॉक्सपण थोडक्यात सांगते, कारण ग्रुपवर तेही फोटो येतात. फ्लॉक्सचे साठच्या वर प्रकार आहेत आणि सायबेरियातला एक सोडला तर सगळे उत्तर अमेरिकेतलेच. वसंतात लोकांच्या भिंतींवरून, दगडांवरून गुलाबी गालिचा ओसंडत असतो ते फ्लॉक्स सुबुलाटा, मॉस फ्लॉक्स, पानं सुईसारखी टोकदार, त्यात गोंधळ व्हायचं कारण नाही. मोकळ्या उन्हाच्या गवताळ जागी, प्रेअरीच्या तुकड्यांत, जे असतं ते फ्लॉक्स पायलोसा, पानं अगदी अरुंद, लांब, टोकाकडे निमुळती, सगळं झाड केसाळ, आणि पाकळीला खाच नाही, उलट टोक किंचित अणकुचीदार. फ्लॉक्स स्टोलोनिफेरा जमिनीवर सरपटतं, डिव्हॅरिकाटासारखंच दिसतं, पण फुलाच्या तोंडाशी पिवळे पुंकेसर बाहेर डोकावताना दिसतात, डिव्हॅरिकाटात ते नळीच्या आत लपलेले असतात, वरून बघितलं तर नुसतं एक गडद भोक. हा फरक मला त्या आजींनी शिकवला आणि मला तो फार उपयोगी पडतो.

मग उंच वाढणारी दोन, ज्यांच्यामुळे डेम्स रॉकेटला लोक फ्लॉक्स समजतात, कारण नर्सरीत उंच फ्लॉक्स विकायला असतं आणि तेच डोळ्यात बसलेलं असतं. फ्लॉक्स पॅनिक्युलाटा, तीन-चार फूट, पानं रुंद, पानातल्या बाजूच्या शिरा ठळक आणि कडेजवळ एकमेकींना जाऊन मिळालेल्या. याच्यावर उन्हाळ्याच्या शेवटी हमखास पांढरी पावडर धरते, आपल्याकडे द्राक्षवाले ज्याला भुरी म्हणतात तोच प्रकार. आणि फ्लॉक्स मॅक्युलाटा, ओलसर जागेतलं, पानं अरुंद आणि गुळगुळीत, दांड्यावर जांभळे ठिपके, फुलांचा झुबका लांबट. पण ही दोन्ही उन्हाळ्यातली, पॅनिक्युलाटा तर जुलैच्या सुमाराला सुरू होऊन सप्टेंबरपर्यंत. म्हणून मे महिन्यात कमरेएवढं उंच, जांभळं, रस्त्याच्या कडेला भरभरून फुललेलं दिसलं तर आधी डेम्स रॉकेटचाच संशय घ्या, उतरून पाकळ्या मोजा. (गाडी बाजूला नीट लावून.)

ग्रुपवर फोटो टाकताना एक विनंती. नुसता झुबका नको. एक फोटो दांड्याच्या मधल्या भागाचा, पान कुठून फुटलंय ते दिसेल असा. एक फूल समोरून, पाकळ्या मोजता येतील एवढ्या जवळून, आणि तेच फूल बाजूने. जमली तर एक कळी, आणि खाली शेंग किंवा बोंड असेल तर तेही. मागे हात धरला की फोन बरोबर फोकस करतो. उंची कळायला शेजारी पाण्याची बाटली ठेवली तरी चालते. असे चार फोटो आले तर मी दोन मिनिटांत सांगू शकते, नाहीतर मग मीपण अंदाजच करणार आणि अंदाजाने काय होतं ते मी अनुभवलंय.

माझ्या बागेतलं डेम्स रॉकेट काढायला मला तीन वसंत लागले. पाऊस पडून गेल्यावर माती मऊ असते तेव्हा बुंध्याशी धरून मुळासकट उपटायचं, शेंगा धरायच्या आत. शेंगा लागलेल्या असतील तर कंपोस्टमध्ये टाकायचं नाही, पिशवीत बांधून कचऱ्यात द्यायचं. एक झाड शेकड्याने बी टाकतं आणि ते बी मातीत टिकून राहतं, त्यामुळे एका वर्षात संपत नाही, दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये त्या जागी जाऊन ती दातेरी पानांची चक्रं शोधायची. मला त्यांचं वाईटही वाटायचं, वास खरंच सुंदर आहे, पण ओढ्याच्या पलीकडे रान आहे आणि माझ्या अंगणातलं बी तिथे जायला पाऊसच पुरे. ज्या दोन मैत्रिणींना रोपं दिली होती त्यांना फोन करून सगळं सांगितलं. एकीने लगेच काढलं. दुसरीचं घर विकलं गेलं होतं, नवीन लोकांना मी चिठ्ठी लिहून ठेवली, फोटोसकट, उत्तर आलं नाही. अजून मे महिन्यात त्या रस्त्याने जाताना मी त्या कुंपणाकडे बघते, आणि जांभळं दिसलं की जिवाला लागतं.

रिकाम्या झालेल्या जागेत मी डिव्हॅरिकाटाची सहा रोपं लावली. रानातून उपटून आणायची नाहीत, ते चुकीचं आहे आणि पार्कात तर बेकायदाच. वसंतात इथे मूळच्या झाडांच्या विक्रीचे दिवस असतात, तिथून कुंड्यांतली आणली. पहिल्या हिवाळ्यात सशांनी चार खाल्ली, हिरवं दुसरं काही नसतं तेव्हा त्यांना हेच सापडतं. मग जाळीचे गोल करून घातले. उरलेल्या दोनांची आता दोन हात रुंदीची चादर झालीय, मेपलच्या खाली, सकाळचं ऊन आणि दुपारी सावली, पाचोळा मी तिथे तसाच राहू देते.

आणि यंदा कुंपणाजवळ, जिथे पाणी थोडं साचतं, एक नवीन रोप आपोआप उगवलंय. पानं समोरासमोर, दाते नाहीत, आता गुडघ्याच्या वर गेलंय आणि अजून कळी नाही, म्हणजे वसंतातलं नक्कीच नाही. पानावरच्या शिरा मला ठळक वाटतात, पण काल भिंग घेऊन खाली वाकले तर दांड्यावर बुंध्याशी दोनतीन जांभळट ठिपके पण दिसले. पॅनिक्युलाटा की मॅक्युलाटा ते फुलल्यावर झुबक्याचा आकार बघून ठरवेन. तोवर सशांसाठी जाळी घातलीय आणि गवत कापणाऱ्या मुलाला दिसावं म्हणून शेजारी एक लाल फडकं बांधलेली काठी रोवलीय.